बाळंतिणीचे रक्त आणि त्याचे मोजमाप

पुण्याच्या बुधवार पेठेचे मूळ नाव मोहियाबाद. १७०३ साली औरंगजेबाची छावणी पुण्यात पडली असताना त्याने ही पेठ वसवली आणि पुढे पेशवाईत तिला वाराचे नाव मिळाले. आप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तके घेणाऱ्या किंवा तांबड्या जोगेश्वरीसमोरून जाणाऱ्या माणसाला आज या इतिहासाची आठवण असण्याचे कारण नाही. परंतु ज्या बादशहाने ही पेठ वसवली, त्याच्या आईचा अंत कसा झाला हे लक्षात घेतले, तर या पेठेपासून एका मोठ्या आणि करुण इतिहासाचा धागा हाती लागतो.

औरंगजेबाची आई मुमताज महल. १७ जून १६३१ रोजी खानदेशाच्या वेशीवर, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात तिचे चौदावे बाळंतपण झाले. मुलगी जगली, आई गेली. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव हेच तिच्या मृत्यूचे कारण बहुतेक इतिहासकार सांगतात. त्या वेळी ती अडतीस वर्षांची होती आणि औरंगजेब अवघा बारा वर्षांचा. प्रथम तिचे दफन तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. पुढे तिच्या कबरीवर जे उभे राहिले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे.

ताजमहालाकडे प्रेमाचे स्मारक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. बाळंतपणात रक्त वाहून गेलेल्या एका स्त्रीचे ते थडगे आहे, ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही. फौज, खजिना आणि नामांकित हकीम दिमतीला असूनही त्या दिवशी सम्राज्ञीचे रक्त थांबवणे कोणाला साधले नाही. आज एखाद्या खेड्यातील उपकेंद्रावर काम करणाऱ्या नर्सबाईला ते अनेकदा साधते. मधल्या चारशे वर्षांत मनुष्यजातीने काय शिकून घेतले, याचा हा धावता आढावा.

देहाची रचना आणि डोळ्यांची फसगत

गर्भारपणाच्या अखेरच्या दिवसांत आईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असते. बाळ जन्मले आणि वार सुटून बाहेर पडली, की वार जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी राहतात. त्या बंद करण्याची सोय निसर्गाने गर्भाशयाच्या स्नायूंतच करून ठेवली आहे. आडव्यातिडव्या विणलेल्या या स्नायूंच्या तंतूंमधून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. गर्भाशय आवळले की प्रत्येक वाहिनीभोवती जणू जिवंत गाठ बसते. गर्भाशय आवळले नाही, तर ती गाठ बसत नाही आणि उघड्या नळातून पाणी जावे तसे रक्त जाऊ लागते.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाच्या दर दहा प्रसंगांपैकी सुमारे सातांमध्ये कारण हेच असते : गर्भाशय सैल राहते. उरलेल्या प्रसंगांत जन्ममार्गाला झालेली जखम, आत राहून गेलेला वारेचा तुकडा आणि क्वचित रक्त गोठण्याच्या क्रियेतील दोष ही कारणे आढळतात. थोडे रक्त प्रत्येक बाळंतपणात जातेच. किती रक्त गेले म्हणजे ते जास्त समजायचे, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते. त्यामुळे धडधाकट बाळंतीण बरेच रक्त गेले तरी काही काळ शांत आणि ठीक दिसते, बोलते, बाळाकडे पाहून हसते. तिचे शरीर नाडी वाढवून आणि हातापायांकडचे रक्त आखडून वेळ मारून नेत असते. ही शिकस्त संपली की रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि मग धावपळ करायला फारसा अवधी उरत नाही. जी स्त्री मुळातच पांढरी पडलेली, तिच्याजवळ ही शिल्लकही नसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एकीला सहज सोसवेल तेवढा रक्तस्राव दुसरीच्या जिवावर का बेततो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

त्यात डोळे फसवतात. रक्त चादरीत मुरते, घड्यांमध्ये शोषले जाते, फरशीवर पसरते, गर्भजलात मिसळते, आणि कधी कधी बाहेर न येता फुगत चाललेल्या गर्भाशयातच साठून राहते. थोडे रक्त गेले असेल तर पाहणारा ते अधिक समजतो. पुष्कळ गेले असेल तर हमखास कमी समजतो. म्हणजे जेथे अंदाज अचूक असण्याची सर्वांत अधिक गरज, तेथेच तो सर्वांत अधिक चुकतो. अनुभवी डॉक्टर आणि परिचारिकाही या नियमाला अपवाद नाहीत.

काळोख्या खोलीतले शास्त्र

आपल्या आजी-पणजींची बाळंतपणे घरातील काळोख्या, बंद खोलीत झाली. प्रसूती सुईण करी. तिच्या हाताला पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान होते, आणि पोटावर हात ठेवून ‘गोळा घट्ट झाला’ हे ओळखणाऱ्या सुइणीही होत्या. आजची परिचारिका बाळंतिणीची बेंबी चाचपून गर्भाशय नारळासारखे कठीण आहे की कणकेच्या गोळ्यासारखे मऊ, हे पाहते. ती त्याच हाताची वारसदार म्हटली पाहिजे. मात्र वार अडकली तर काय करावे, याचे उत्तर त्या खोलीत नव्हते. बाळंतिणीच्या घशात केस घालून तिला ओकारी आणायची, म्हणजे जोर येऊन वार पडेल, हा उपाय प्राचीन वैद्यकग्रंथांतही सांगितला आहे. कधी वार पडे. कधी बाई जाई. गेली तर ‘तिचे आयुष्य तेवढेच’ असे म्हटले जाई.

आणखी एक अडचण भाषेची होती. बाळंतिणीचे रक्त हा विटाळ. त्याविषयी पुरुषांसमोर बोलायचे नाही, आणि बायकांतही ‘अंगावरून जाते आहे’ एवढेच दबक्या आवाजात म्हणायचे. ज्या गोष्टीचे नाव घेणेही अवघड, तिचे मोजमाप कोण करणार? रक्ताने भरलेली लुगडी गुपचूप धुतली जात, जमिनीवर सांडलेले शेणाने सारवले जाई, आणि किती रक्त गेले याचा पुरावाच उरत नसे. हा इतिहास औषधांचा आहे तसाच लाजेचाही आहे.

पुण्यातील पहिली पावले

या लाजेला पहिला छेद बुधवार पेठेतच गेला, असे म्हणायला हरकत नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. (तो जीर्ण वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी उतरवण्यात आला.) शाळेचा आणि बाळंतपणाचा संबंध काय, असे कोणी विचारील. स्त्री शिकल्याखेरीज स्त्रीचा डॉक्टर किंवा परिचारिका होणार नव्हती, आणि त्या काळातील कित्येक घरे परपुरुषाच्या हातून बाळंतपण होऊ देण्यापेक्षा सून गमावणे पसंत करीत. १८६३ साली याच दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप येऊन बाळंत होता यावे, अशी ती सोय होती. ज्या स्त्रीच्या मृत्यूने समाजाला सुटल्यासारखे वाटले असते, तिचाही जीव वाचवण्याजोगा आहे, हे त्या घराने सांगितले. तेथे जन्मलेला एक मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

आनंदीबाई जोशी यांचे नाव तर सर्वांना परिचित आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय निर्माण झाला. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी त्यांनी समुद्र ओलांडला, ती आपल्या भगिनींसाठी वापरायला त्यांना अवधी मिळाला नाही.

पुढे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी सेवासदनाने स्त्रियांना, विशेषतः विधवांना पाठवले. चांगल्या घरच्या स्त्रीने रोग्याची शुश्रूषा करावी ही कल्पनाच तेव्हा पुष्कळांना रुचणारी नव्हती. १९१२ साली रास्ता पेठेत के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी तेथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांनी ते वाढवलेच, शिवाय वढू येथील ग्रामीण प्रकल्पातून खेड्यातील साध्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतिणीचा जीव शहरातील शस्त्रक्रियागृहात नव्हे, तिच्या दारात आणि धोक्याच्या पहिल्या तासातच वाचवावा लागतो, हे त्यांच्या कार्याचे सार होते.

धर्मभगिनी आणि प्रसूतिगृह

आपल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल अशी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. कॅथलिक धर्मभगिनींनी चालवलेली प्रसूतिगृहे आज आपल्याला इतकी परिचयाची आहेत की ती पूर्वापार असावीत असे वाटते. प्रत्यक्षात व्रतस्थ स्त्रियांना बाळंतपणाचे काम करण्यास चर्चच्या नियमांनी दीर्घकाळ मनाई होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाऊ शकत नाहीत म्हणून मरतात, हे डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश स्त्रीने हिंदुस्थानात पाहिले. रावळपिंडीस रुग्णालय उभे करण्यात तिचा पुढाकार होता, आणि ही बंदी उठावी म्हणून तिने रोमला पुन्हा पुन्हा विनवणी केली. तिच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाची ॲना डेंगल डॉक्टर झाली, रावळपिंडीत राबली आणि १९२५ साली तिने वैद्यकीय सेवेला वाहिलेला धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूरला आल्या. वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी त्यांना खास परवानगी मिळवावी लागली होती. पुढे १९४३ साली त्यांनीच भारतातील कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेचा पाया घातला.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला आणि मिशनक्षेत्रातील धर्मभगिनींना प्रसूतीचे शास्त्र शिकण्याची व ते आचरण्याची मोकळीक मिळाली. तोवर मॅक्लारेनबाईंना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. पावित्र्याची कल्पना आणि बाळंतिणीचे रक्त यांच्यातील अंतर केवळ आपल्याच समाजात होते असे नाही, हे त्यावरून दिसते. ते अंतर ज्यांनी ओलांडले त्यांच्यात आपलेही लोक होते, याचा आनंद मानावा.

थांबवण्याची साधने

रक्त थांबवण्याची साधने एकामागून एक येत गेली. १८२९ साली लंडनच्या डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी रक्तस्रावाने मरणपंथाला लागलेल्या बाळंतिणीला माणसाचे रक्त चढवून वाचवल्याचे प्रसिद्ध केले. रक्ताचे गट मात्र १९०१ साली लँडस्टायनर यांनी शोधेपर्यंत हा उपाय जुगारासारखाच राहिला. राय या धान्यावरील बुरशीपासून मिळणारे अर्गट सुइणींना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यातील गर्भाशय आवळणारे मुख्य द्रव्य १९३५ साली वेगळे करण्यात आले. ऑक्सिटोसिन हे आईच्या देहातच तयार होणारे द्रव्य १९५३ साली प्रयोगशाळेत घडवण्यात आले आणि त्याबद्दल द्यू व्हिन्यो यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाळ स्तनाला लागले की आईच्या अंगात हेच द्रव्य पाझरते; म्हणून जन्मताच बाळाला पाजण्याचा आग्रह धरतात.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाची कथा विशेष हृद्य आहे. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीसह १९६०च्या दशकात ते शोधले. बाळंतिणींचे रक्त थांबावे हीच त्यांची मूळ इच्छा होती. परंतु त्या काळात डॉक्टरांनी त्यात रस घेतला नाही. २०१७ साली २१ देशांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. तीन तासांच्या आत दिलेल्या या औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू कमी होतात, असे दिसून आले. ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या.

ही सर्व साधने हाताशी असूनही स्त्रिया मरत राहिल्या. औषध कपाटात असे, रक्तपेढीत रक्त असे. पण ‘आता धोका आहे’ हे कोणी म्हणायचे, हाच मुद्दा अडत असे. जागतिक आरोग्य संघटनेने ५०० मिलिलिटरची मर्यादा घालून दिली होती. ते ५०० झाले हे समजायचे कसे? या प्रश्नाला आपल्या सीमाभागात एक साधे उत्तर सापडले.

बेळगावची पिशवी

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकन विद्यापीठांच्या साहाय्याने २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात मिसोप्रोस्टॉल या गोळ्या दिल्यास रक्तस्राव टळतो काय, हे पाहायचे होते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते. खेड्यात वीज नाही, शीतकपाट नाही. ही गोळी तोंडाने घेता येते आणि तिला बर्फ लागत नाही. १,६२० स्त्रिया अभ्यासात होत्या आणि सारे काम २५ साहाय्यक परिचारिकांनी, म्हणजे आपल्या नेहमीच्या नर्सबाईंनी, पार पाडले. पण रक्त मोजल्याखेरीज अभ्यास कसला?

त्यासाठी तेथील डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकचे एक पांघरूण तयार केले. बाळ जन्मले की ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचे आणि दोन पट्ट्यांनी पोटाभोवती बांधायचे. खाली लोंबणाऱ्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, आणि तिच्यावर मापाच्या रेषा. रक्त आपोआप पिशवीत उतरते आणि दुधाच्या मापावर वाचावे तसे वाचता येते. सात सहकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिला ब्रास-व्ही असे नाव देण्यात आले. १२३ स्त्रियांच्या तुलनेत असे आढळले, की नुसत्या नजरेने केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सरासरी एकतृतीयांशाने कमी भरतो. जाणत्या डोळ्यांना दर तीन पेल्यांतील एक पेला दिसतच नव्हता.

गोळ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. गोळीला कीर्ती मिळाली. पिशवी मागे राहिली. प्लॅस्टिकच्या तुकड्याला शोध म्हणायला विद्वानांना जड जात असावे.

तिचे दिवस पुढे आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णालयांत अशीच मापाची पिशवी वापरली गेली आणि रक्तस्राव दिसताच सर्व उपाय एकदम सुरू करण्याची शिस्त लावण्यात आली : गर्भाशयाला वरून मालीश, ते आवळणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन, आणि कारण शोधण्यासाठी तपासणी. जुन्या पद्धतीच्या रुग्णालयांत रक्तस्रावाचे निम्मेच प्रसंग वेळेवर ओळखले गेले. पिशवीच्या रुग्णालयांत ९३ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. या यशात नव्या औषधाचा वाटा नव्हता. जुनीच औषधे वेळेवर दिली गेली, कारण वेळ झाली हे कळले.

खाटेशेजारी आज काय पाहतात

२०२५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार रक्त मोजून पाहायचे आणि ५०० मिलिलिटरची वाट पाहत बसायचे नाही. ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की लगेच उपचार सुरू करायचे. दरवर्षी जगात सुमारे ४५ हजार स्त्रिया या कारणाने मरतात, असे तिच्या त्या वेळच्या निवेदनात म्हटले आहे.

प्रसूतिगृहातील जाणती परिचारिका पहिले दोन तास बाळंतिणीपासून दूर जात नाही. दर पंधरा मिनिटांनी ती पोट चाचपते, नाडी मोजते, रक्तदाब घेते, घडी उचलून पाहते. मूत्राशय भरलेले असेल तर गर्भाशय आवळत नाही, म्हणून बाळंतिणीला लघवी झाली की नाही हे विचारते. नाडीचा आकडा शंभराच्या वर गेला किंवा वरचा रक्तदाब शंभराच्या खाली आला, तर ती कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला गाठू लागला, हीही मोठी खूण मानतात. पिशवी नसेल तर भिजलेल्या घड्या तोलून पाहता येतात : कोरड्या घडीचे वजन वजा केले, की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. धो धो वाहणारे रक्त सर्वांनाच दिसते. घात करते ती न थांबणारी बारीक धार. आणि बाळंतीण उगाच अस्वस्थ झाली, तहान तहान करू लागली, ‘मला कसेतरी होते आहे’ म्हणाली, तर ते नखरे समजू नयेत. अनेकदा यंत्राच्या आधी तिलाच कळलेले असते.

आपल्या घरांसाठी

२०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यूचे प्रमाण देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. हा आकडा खाली आणण्यात सुइणी, परिचारिका, धर्मभगिनी आणि डॉक्टर अशा कित्येक हातांचा वाटा आहे. तो आणखी खाली यावा यासाठी घराचाही वाटा आहे.

बाळंतीण घरी आल्यावरही धोका संपत नाही. पहिला दिवस उलटल्यानंतर काही आठवड्यांपर्यंत रक्तस्राव उलटू शकतो. बहुधा वारेचा तुकडा आत राहिल्याने किंवा जंतुसंसर्गाने. तासाभरात घडी पूर्ण भिजली, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाण वास आणि ताप आला, उठताना अंधारी आली, हातपाय गार पडून घाम फुटला, तर डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गर्भारपणात लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या जातात की नाही, हे सासूने पाहावे तसे नवऱ्यानेही पाहावे. बाळंतपणाची तारीख जवळ आली, की रक्त देऊ शकतील अशा दोन माणसांची नावे घरात ठरलेली असावीत. आपल्या धर्मग्रामात तशी यादी करणे काही कठीण नाही.

या पेठेच्या ज्या वस्तीचे नाव सभ्य लोक दबक्या आवाजात घेतात, तेथील स्त्रियाही आई होतात. त्यांचे रक्तही त्याच वेगाने वाहते आणि त्याच मापाने मोजले जाते. कोण राणी, कोण विधवा, कोण सोडलेली, हे पिशवीवरच्या रेषांना कळत नाही. रक्त मोजायचे म्हणजे त्या स्त्रीचा जीव हिशेबात धरायचा. बादशहाने आपल्या राणीसाठी संगमरवर मोजला, हिरे-माणके मोजली. तिच्या खाटेखाली रक्त मोजायला कोणी असते, तर कदाचित त्या थडग्याची गरज पडली नसती.